पांदणीचे चार महिने : विदर्भाच्या शिवारात हिवाळ्यात सायकल कशी चालवावी

दिवाळीच्या आसपास पांदणीतला चिखल वाळू लागतो. सोयाबीन निघालेलं असतं. बंड्या (बैलगाड्या) आणि ट्रॅक्टर आठ-पंधरा दिवस ये-जा करतात आणि पावसाळाभर पाय रुतवणारी तीच वाट दबून कडक होते. तिथून होळीपर्यंत, म्हणजे जेमतेम चार महिने, सायकल घेऊन शिवारात निघावं असा काळ असतो. मार्च लागला की सकाळी दहालाच ऊन अंगावर येतं, आणि जूनपासून काळी माती चाक फिरू देत नाही.

ज्यांना शर्यत लावायची नाही, किलोमीटर मोजायचे नाहीत, फक्त सकाळी दोन-तीन तास गावाबाहेर फिरून यायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो आणि दर हिवाळ्यात आमच्या आणि आसपासच्या शिवारातून फिरतो. एक गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिला धरूनच आहे. आपल्याकडे सायकलसाठी केलेल्या वाटा नाहीत. पांदण वावरात जाण्यासाठी आहे, कालव्याच्या कडेचा रस्ता पाण्यावर लक्ष ठेवायला आहे, तलावाची पाळ पाणी अडवायला आहे. त्या कामांमधून जी मोकळी वेळ उरते तेवढी आपली. कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, कोणती वाट मोकळी असते हे शेत ठरवतं. ते ओळखता आलं की सायकल साधी असली तरी भागतं.

आधी माती ओळखा

विदर्भाचे जिल्हे ११, पण चाकाला माती ढोबळमानाने तीन तऱ्हेची लागते.

अकोला, अमरावती, बुलढाण्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात काळी माती सगळ्यात खोल. ओली असली तर लोण्यासारखी, वाळली तर दगडासारखी. बंडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या ओल्या मातीत पडतात आणि हिवाळाभर तशाच घट्ट राहतात. जानेवारी सरता सरता जमिनीला भेगा पडायला लागतात. वाटेला आडवी भेग असेल तर चाक तिच्यावरून सहज निघून जातं, पण वाटेच्या दिशेने उभी भेग आली आणि टायर अरुंद असला तर पुढचं चाक तिच्यात बसतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. म्हणून या भागात जाड टायर हवा आणि नजर पाच-सात मीटर पुढे हवी. दुसरं, या खोऱ्यातला मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. वाटेत कुठेतरी भरून घेऊ, या भरवशावर निघू नका. पाणी घरूनच न्या.

यवतमाळ, वर्धा, नागपूर, वाशीमकडे काळ्या मातीच्या मध्ये मुरमाड टेकड्या आणि बरड जमीन आहे. मुरूम पाणी धरून ठेवत नाही, चाकाखाली किरकिरतो पण सरकत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मुरमाच्या वाटेवरच करावी असं माझं ठाम मत आहे. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या संत्रापट्ट्यात नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराची, म्हणजे संत्र्याच्या या हंगामातल्या फळांची, तोडणी चालू असते. तेव्हा बागांच्या वाटांवर मालाच्या गाड्या उभ्या असतात, त्या आठवड्यांत बागेकडच्या वाटा टाळून टेकडीकडे वळा.

पूर्वेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा मुलूख. धान निघाल्यावर बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, मोकळ्या दिसतात आणि त्यांत सायकल घालायचा मोह होतो. घालू नका. धसकटं टायरला लागतात, आणि धुरे (शेताचे बांध) इतके अरुंद की चालणाऱ्यालाच जेमतेम पुरतात. इकडचं खरं सुख तलावांच्या पाळीवर आहे. कोहळी समाजाने काही पिढ्यांपूर्वी बांधलेले तलाव या भागात गावोगावी आहेत. पाळ रुंद असेल, गावकऱ्यांची वहिवाट असेल, तर सकाळच्या वेळी तिच्यावरून जाण्यासारखा रस्ता नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली बांध्या. मात्र दिवाळीनंतर इकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. नाटक सुटल्यावर पहाटे लोक झोपाळलेल्या डोळ्यांनी गाड्या हाकत घरी जातात. ज्या गावात आदल्या रात्री नाटक होतं, त्या रस्त्यावर उजाडल्यावरच निघा.

वाट चालण्याजोगी आहे का, हे पाहायला एक साधी रीत आहे. पांदणीच्या तोंडाशी उतरा, वाटेच्या मधली मूठभर माती घ्या आणि दाबा. मूठ उघडल्यावर भुगा झाला तर जा. गोळा राहिला आणि बोटाला चिकटला तर त्या दिवशी डांबरी रस्ता धरा.

दोन वर्षांपूर्वी ही मूठ न दाबता मी आत शिरलो. डिसेंबरातला अवकाळी पाऊस होऊन एकच रात्र गेली होती. वरची माती उन्हाने उजळ दिसत होती. शंभरेक मीटर गेल्यावर टायर जड झाला, अजून थोडं गेल्यावर चाक फिरेनासं झालं. उतरून पाहिलं तर टायर आणि फ्रेमच्या मधली सगळी जागा चिखलाने भरली होती, त्यात सोयाबीनचा भुसा मिसळून त्याचा गिलावा झाला होता. मी जोर लावून चाक ढकलत राहिलो आणि मागचा गिअर जिथे फ्रेमला लागतो तो तुकडा वाकला. सायकल खांद्यावर घेऊन परत आलो. तेव्हापासून नियम केला आहे: पावसानंतर खोल काळ्या मातीत निदान तीन दिवसांचं चांगलं ऊन जाऊ द्यायचं, मुरमाला एक दिवस पुरतो. आणि चाक अडलंच तर पायडल मारायचं नाही. खाली उतरून तुराटीच्या नाहीतर पऱ्हाटीच्या काडीने चिखल काढायचा, मगच चाक हलवायचं. शिवाय ओल्या पांदणीत आपण पाडलेली चाकोरी शेतकऱ्याला पुढे महिनाभर सोसावी लागते.

सायकल कशी असावी

महागडी सायकल लागत नाही. घरात जुनी काळी सायकल असेल तर मुरमाच्या आणि कालव्याच्या रस्त्यावर ती उत्तम चालते. तिचे ब्रेक आणि चाकाच्या आऱ्या तेवढ्या नीट करून घ्या. पांदणीत नेमाने जायचं असेल तर जाड टायरची, गिअरची सायकल बरी. टायरची रुंदी दोन इंचांच्या आसपास असावी. पुढे शॉकर असला तर मनगटं वाचतात, मागे शॉकरची गरज नाही. स्वस्त सायकलींमधला मागचा शॉकर वजन वाढवतो आणि पायाचा जोर खातो.

हवेबद्दल बरेचजण चुकतात. टायर टणक भरला की सायकल हलकी पळते हे डांबरी रस्त्यावर खरं आहे. खडबडीत वाटेवर तोच टणक टायर प्रत्येक खड्याला उडतो, पकड सोडतो आणि हात दुखवतो. दोन इंची टायरला, साठ-सत्तर किलोच्या माणसासाठी, ३० ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा पुरते. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा दोन-तीनने कमी ठेवा. फार कमी केली तर दगडावर आदळून ट्यूब रिमखाली चिमटते आणि साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. थंडीचा हिशेबही धरा. दुपारी ३० अंशांत ३० पीएसआय भरलेली हवा पहाटे १० अंशांत आपोआप दोन-तीनने उतरते. पंक्चर नसतानाही टायर मऊ लागतो तो यामुळे. निघण्याआधी सकाळीच दाबून पाहा.

साखळीला खोबरेल तेल लावू नका. २४-२५ अंशांच्या खाली ते गोठतं आणि आपल्याकडची हिवाळी पहाट त्याच्या कितीतरी खाली असते. शिलाई मशीनचं तेल चालतं, पण थेंबाथेंबाने. साखळीच्या एकेका कडीवर एक थेंब, पायडल उलटं फिरवून तेल आत मुरू द्यायचं, मग जुन्या धोतराच्या फडक्याने बाहेरचं सगळं पुसून काढायचं. बाहेर राहिलेलं तेल फुफाटा ओढून घेतं आणि संध्याकाळपर्यंत साखळीवर काळा चिकट थर तयार होतो.

काटे

विदर्भात सायकल चालवणाऱ्याची अर्धी लढाई काट्यांशी आहे. बाभळीचा काटा लांब आणि सरळ, तो टायरमधून आरपार जातो आणि बहुतेकदा दिसतो. बोरीचा वाकडा काटा अडकतो. सगळ्यात वाईट गोखरू. हिवाळ्यात त्याची फळं वाळून वाटेच्या कडेला पडलेली असतात, हरभऱ्याएवढी, आणि कशीही पडली तरी काटा वर राहतो. शेताला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलेलं असलं की वाऱ्याने, ढोरांनी फांद्या वाटेत येतात. तिथे उतरून सायकल उचलून न्या, दहा पावलांचा प्रश्न असतो.

गोखरूच्या वाटेने जावंच लागलं तर कडेने नाही, चाकोरीतून जा. रोज बंडी जाते तिथे गोखरू टिकत नाही. कडेची हिरवट पट्टी मऊ दिसते, पण काटे तिथेच असतात.

पंक्चर झाल्यावर घाई करू नका. हे काम मी सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांचं दुसरं पंक्चर पहिल्याच काट्याने होतं. चाक काढा, टायरची एक बाजू लिव्हरने (टायर उचकटायच्या पट्टीने) सोडवा, ट्यूब बाहेर घ्या आणि तिला हवा भरा. पाण्याचं घमेलं नसतं, तेव्हा ट्यूब ओठांजवळून किंवा गालाजवळून सावकाश फिरवा. सुटणारी हवा गार लागते. भोक सापडलं की ट्यूब टायरवर तशीच धरून टायरवर नेमकी ती जागा शोधा. आता कापसाची एक चिमूट घ्या. मी खिशात कायम ठेवतो, आपल्याकडे घरोघरी असतोच. ती टायरच्या आतल्या बाजूने, बोटांच्या टोकांनी हलकं दाबत, पूर्ण गोल फिरवा. काट्याचं टोक बाहेरून दिसत नसलं, बोटाला लागत नसलं, तरी कापसाचे तंतू त्याला अडकतात आणि तिथे पांढरा झुबका उभा राहतो. काटा चिमट्याने किंवा नखाने आतून बाहेर ढकला. पूर्ण गोल फिरवल्याशिवाय थांबू नका, गोखरूचे काटे एकाच टायरमध्ये तीन-चारही असतात. मग ट्यूब सँडपेपरने घासा, सोल्यूशन लावा, ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा आणि पॅच दाबा. थंडीत सोल्यूशन वाळायला वेळ लागतो, ओलं असताना पॅच लावला तर अर्ध्या तासात सुटतो.

सोबत इतकं ठेवा: एक जादा ट्यूब, दोन लिव्हर, पॅच-सोल्यूशन, छोटा पंप, ॲलन चाव्या, कापूस. टायरच्या आत बसवायची जाड पट्टी मिळते, तिने सायकल थोडी जड होते, पण डिसेंबर ते फेब्रुवारी ती घातलेली चांगली. ट्यूबमध्ये भरायचं द्रवही येतं, बारीक भोक ते स्वतःच बुजवतं.

काट्यांच्या जोडीला कुसळं आहेत. नोव्हेंबरात गवत वाळतं आणि कुसळं मोज्यांत घुसून घोट्याला टोचत राहतात. लोकरीचे मोजे घालून गवतातून जाऊ नका. गुळगुळीत कापडाची, घोट्याशी घट्ट बसणारी पँट घाला.

किती वाजता निघावं, अंगावर काय असावं

डिसेंबरच्या शेवटी नागपूरकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी पावणेसहाच्या आत मावळतो. बुलढाण्यात हे सगळं दहा-बारा मिनिटांनी उशिरा, गडचिरोलीत चार-पाच मिनिटं लवकर. पहाटे पाचला निघण्यात बहादुरी नाही. थंडी ऐन भरात असते ती सूर्य उगवण्याच्या सुमारास. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर आला होता, एरवीही डिसेंबर-जानेवारीत १०-१२ अंश नेहमीचेच. खुल्या शिवारात, नाल्याकाठी आणि कालव्यालगत गावापेक्षा जास्त गारठा लागतो. माझी वेळ साडेसात ते साडेदहा. साडेसातपर्यंत उजेड पक्का असतो आणि धुवारी (धुकं) असली तर विरळ होऊ लागते. साडेआठपर्यंत गवत दवाने ओलं असतं, म्हणून पहिला तास मुरमाच्या किंवा पक्क्या रस्त्यावर काढा आणि गवताळ वाटेला नंतर लागा. ओले झालेले बूट पुढचे दोन तास पाय गोठवतात.

दाट धुवारीत डांबरी रस्त्यावर येऊच नका. कापूस घेऊन जिनिंगकडे जाणाऱ्या कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि मागून येणाऱ्याला तुम्हीही दिसत नाही. मागे लाल दिवा आणि पाठीवर चमकणारी पट्टी हवी, दिवसासुद्धा.

निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. घरातून निघताना उबदार वाटलं तर वीस मिनिटांत घाम येतो आणि उतारावर तोच घाम गारठवतो. आत अंगाला चिकटणारा, लवकर वाळणारा बनियन, वर एक स्वेटर, त्यावर वारा अडवणारं पातळ जॅकेट. सुती बनियन घाम धरून ठेवतो. जॅकेट नसेल तर स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची दोन पानं घाला, वारा अडतो, आणि नऊ वाजता काढून घडी करून खिशात ठेवता येतात. हातमोजे विसरू नका. बोटं गारठली की ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. हेल्मेटखाली पातळ कानटोपी. दमा असेल तर पहिली पंधरा मिनिटं नाकातोंडावरून मफलर, आणि वेग अगदी कमी.

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात गळ्याभोवती मफलर घट्ट गुंडाळूनच निघा, मग थंडी असो वा नसो. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजा बंदी असूनही वापरला जातो, आणि तो दुचाकीस्वाराचा गळा चिरतो. नागपूर आणि इतर शहरांच्या कडेच्या वस्त्यांतून त्या दिवसांत दुपारी सायकल नेऊच नये.

वाटेवर चाक कसं धरावं

खडबडीत वाटेवर खुर्चीसारखं बसू नका. उतार किंवा दगड आले की बुड सीटवरून दोन बोटं उचला, दोन्ही पायडलं जमिनीला समांतर ठेवा, कोपरं सैल सोडा. सायकल तुमच्याखाली हलू द्या. हँडल आवळून धरलं की प्रत्येक दगडाचा धक्का खांद्यापर्यंत येतो.

चाकोरीत शिरलात तर एकच चाकोरी धरा आणि तिच्या टोकापर्यंत जा. मध्येच बाहेर पडायला गेलं की पुढचं चाक तिच्या कडेला घासतं आणि पाडतं. बदलायचीच असेल तर वेग कमी करून, चाक शक्य तितकं आडवं करून, पुढचं चाक जरा उचलून काढा. फुफाटा आला की गिअर हलका करा, वजन मागे घ्या, हँडल सैल धरा आणि पायडल थांबवू नका. थांबलात की चाक रुतलं.

नाल्यावरच्या रपट्याकडे, म्हणजे पाणी वरून वाहू देणाऱ्या ठेंगण्या पुलाकडे, लक्ष द्या. हिवाळ्यात त्याच्यावरून वीतभरच पाणी वाहतं, निरुपद्रवी दिसतं, पण त्याखाली शेवाळ असतं. रपट्यावर पोचण्याआधीच वेग कमी करा. एकदा पाण्यात गेलात की ब्रेक नाही, वळण नाही, पायडलचा झटका नाही. सरळ, सावकाश. शेवाळ हिरवं चकाकताना दिसत असेल तर उतरून चप्पल-बूट काढा आणि सायकल हाताने न्या. रपट्यावर घसरून मनगट मोडलेला माणूस मी पाहिला आहे, गाडी येईपर्यंत त्याला दोन तास नाल्याच्या काठावर बसावं लागलं. म्हणून फोन चार्ज करून न्या. अॅम्ब्युलन्ससाठी १०८, कोणत्याही संकटात ११२.

शिवाराची रीत

सगळ्यात महत्त्वाचं आधी: कुंपणाच्या तारेला हात लावू नका. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) पीक खातात, म्हणून शेताभोवती तारा लावलेल्या असतात. सौर झटका मशीनचा धक्का झटकून टाकतो, मारत नाही. पण काही ठिकाणी लोक थेट लाइनचा करंट बेकायदा सोडतात आणि त्याने माणसं मेलेली आहेत. हा करंट बहुधा रात्री सोडतात आणि सकाळी बंद करतात, पण बंद झाला की नाही हे तुम्हाला बाहेरून कळत नाही. म्हणून अंधारात पांदण सोडून वावरात पाऊल नको, लघवीलाही कुंपणाजवळ नको, आणि सायकल कुंपणाला टेकवू नका.

दुसरं फवारणीचं. नोव्हेंबर ते जानेवारी तुरीवर आणि हरभऱ्यावर अळीसाठी फवारण्या चालू असतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पाठीवर पंप घेतलेला माणूस दिसला की वारा कोणीकडून येतो ते पाहा आणि त्याची ओळ संपेपर्यंत मागे थांबा. धापा टाकत त्या हवेतून जाऊ नका. धुऱ्यावरची बोरं, हरभऱ्याचे घाटे न विचारता तोडून खाऊ नका, मालकाचं आहे म्हणूनही आणि फवारलेलं असेल म्हणूनही.

बंडी समोरून आली की तुम्ही उतरा, बंडी थांबवायला लावू नका. बैल बुजरे असतील तर सायकल कडेला घेऊन गप्प उभं राहायचं, घंटी वाजवायची नाही. काट्यांचं झाकण लावलेली वाट उघडली तर पुन्हा तशीच लावा. आणि बोला. आमच्याकडे अनोळखी माणूस दिसला की हमखास हाक येते, “कोठं चालले जी भाऊ?” त्याला हात हलवून पुढे निघून जाणं बरं दिसत नाही. थांबून सांगा, आणि विचारा, “काकाजी, ही पांदण पुढं निघते का?” मोबाइलच्या नकाशात बऱ्याच पांदणी नसतात, असल्या तर कोणीतरी अर्ध्यावर नांगरून टाकलेल्या असतात. काकाजींना ठाऊक असतं की पुढच्या नाल्यावरचा सिमेंटचा पाइप यंदा वाहून गेला, की मातोश्री पाणंद रस्ते योजनेतून मुरूम पडून वाट थेट पलीकडच्या गावाला निघते.

कुत्रे धावून आले तर पायडल मारत पळू नका. थांबा, उतरा, सायकल तुमच्या आणि त्यांच्या मध्ये धरा, हळूहळू चालत पुढे व्हा. जागलीचे कुत्रे आपली हद्द संपली की परत फिरतात.

वाघाचा भाग आहे हे विसरून चालणार नाही. ताडोबा-अंधारी, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा, मेळघाट यांच्या आत परवानगीशिवाय सायकल नेता येत नाही, हे सरळ आहे. पण वाघ हद्द पाळत नाही. चंद्रपूर, गडचिरोली आणि भंडारा-गोंदियाच्या जंगलालगत सकाळी नऊच्या आधी आणि चारनंतर पांदणीत जाऊ नका, एकट्याने तर कधीच नको. तिथे पंक्चर झालं तर झुडपाजवळ वाकून बसून काढत राहू नका. सायकल हाताने ढकलत उघड्यावर, माणसांजवळ या आणि मग काढा. वन्यप्राण्यांबद्दल काही कळवायचं असेल तर वनविभागाचा क्रमांक १९२६. गावातले लोक म्हणाले “तिकडं नका जाऊ”, तर नका जाऊ. कारण विचारत बसू नका.

खाणं-पाणी

थंडीत तहान लागत नाही, म्हणून लोक पाणी पीत नाहीत आणि दुपारी डोकं दुखतं. तासाला अर्धा लिटर धरा. पाठीवर शेंगदाणे-गूळ, नाहीतर तिळाचे लाडू. दर पाऊण तासाला थोडं. तर्री-पोहे परत आल्यावर. निघण्याआधी खाल्ले तर चढावर छातीत जळजळतं. आठवडी बाजाराच्या दिवशी बाजारगावातून परतीचा रस्ता ठेवा, चहा चांगला मिळतो आणि पंक्चरवाला हटकून असतो.

पहिल्या चार रविवारांचं

पहिला रविवार: गावापासून कालव्याचा किंवा मुरमाचा सपाट रस्ता, दहा किलोमीटर जा आणि त्याच वाटेने परत या. नवी वाट नको. सायकलचा आवाज ऐका, सीटची उंची ठरवा. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा.

दुसरा: दोन-तीन किलोमीटरची एकच पांदण, माहीतगार माणसासोबत. तिथे चाकोरी आणि फुफाटा हाताला शिकवा.

तिसरा: थोडं लांब. वर्ध्याकडचे असाल तर वर्धा, सेवाग्राम, पवनार अशी फेरी करा. वर्ध्याहून सेवाग्राम आठेक किलोमीटर, चढ नावालाच. महात्मा गांधी १९३६ मध्ये तिथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. आश्रमातल्या कुडाच्या आणि मातीच्या भिंतींजवळ सकाळी उभं राहिलं की बाहेरच्या आणि आतल्या थंडीत केवढा फरक असतो ते कळतं. पवनारला धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम, नदीपात्रातले खडक उन्हाने तापलेले असतात, बूट काढून बसा. रामटेककडचे असाल तर खिंडसीच्या तलावाकडे जा. गोंदियाकडे सारस क्रौंच अजून दिसतात. जोडी दिसली तर लांबूनच पाहा, सायकल आडवी टाकून जवळ जाऊ नका, ती उडून गेली की त्या बांधीत पुन्हा किती वेळ उतरत नाही.

चौथा रविवार मोकळा ठेवा. तोवर गुडघे कुठे दुखतात, सीट कुठे टोचते, कोणती वाट पुन्हा करावीशी वाटते ते तुमचं तुम्हाला कळलेलं असतं. चिखलदऱ्याचा घाट पहिल्या हिवाळ्यात करू नका. समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरच्या वर पोचायचं असतं, आणि चढण्यापेक्षा उतरणं अवघड. घामाने ओलं अंग, गार वारा आणि सतत दाबून धरलेले ब्रेक. पुढच्या वर्षी, दोन-तीन जणांनी मिळून, उतरताना घालायला जादा जॅकेट घेऊन करा.

फेब्रुवारी सरताना धुऱ्यावरचा पळस फुलायला लागतो. तोपर्यंत हरभरा निघालेला असतो, गहू पिवळा पडतो, आणि वाटांवर पुन्हा बंड्यांची वर्दळ होते. तेव्हा सकाळची वेळ साडेसहावर आणा आणि नऊला घरी या. होळीनंतर सायकल धुवा, पण पाण्याचा जोरदार फवारा मारून नाही, चाकांच्या आणि पायडलच्या बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. ओल्या फडक्याने पुसा, साखळीला तेल द्या आणि टायरमध्ये हवा भरून ती गोठ्यात वाशाला टांगा. जमिनीवर ठेवलीत तर उंदीर सीट कुरतडतात.